बेल्जियम : लहान ब्रुअऱ्यांच्या गावोगावी

बेल्जियमचे क्षेत्रफळ सुमारे ३० हजार ७०० चौरस किलोमीटर आहे, म्हणजे महाराष्ट्राच्या जेमतेम एक दशांश. सकाळी राजधानी ब्रसेल्सहून निघालेली मोटार दुपारच्या जेवणापर्यंत देशाच्या कोणत्याही टोकाला पोचते. एवढ्याशा भूमीवर विसाव्या शतकाच्या आरंभी तीन हजारांहून अधिक ब्रुअऱ्या होत्या. जवळपास प्रत्येक गावाची स्वतःची बिअर होती आणि ती गावाची वेस सहसा ओलांडत नसे. शतक संपता संपता त्यांतील शंभर-सव्वाशेच उरल्या. आज ही संख्या पुन्हा चारशेच्या घरात गेली असली, तरी नव्यांची गर्दी आणि जुन्यांची चिकाटी या वेगळ्या गोष्टी आहेत. बिअरचे खरे रसिक भाड्याची मोटार घेऊन बेल्जियमच्या आडरस्त्यांना लागतात ते मुख्यतः या दुसऱ्या प्रकारासाठी.

पडझडीची कारणे अनेक आहेत. पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्याने ब्रुअऱ्यांतील तांब्याची भांडी वितळवण्यासाठी काढून नेली आणि शेकडो भट्ट्या कायमच्या विझल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर पिल्सनर जातीची फिकट, स्वच्छ, सर्वत्र एकाच चवीची बिअर आली आणि मोठ्या कंपन्यांनी लहानांना विकत घेऊन बंद केले. एका कायद्याने मात्र लहानांना नकळत हात दिला. १९१९ मध्ये मंत्री एमिल व्हान्डरव्हेल्डे यांच्या पुढाकाराने झालेल्या कायद्याने उपाहारगृहांत कडक मद्य विकण्यास बंदी घातली. ही बंदी १९८०च्या दशकापर्यंत टिकली. जिनला मुकलेल्या गिऱ्हाइकासाठी ब्रुअऱ्यांनी आठ, नऊ, दहा टक्के अल्कोहोल असलेल्या बिअर काढल्या. बेल्जियमच्या बिअरचा आजचा भारदस्तपणा काही अंशी या दारूबंदीचे अपत्य आहे.

बाहेरच्या जगाला या बिअरची ओळख करून देण्याचे श्रेय प्रामुख्याने मायकेल जॅक्सन यांना दिले जाते. हे गायक नव्हेत. हे इंग्लंडमधील पत्रकार (१९४२-२००७). १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या जागतिक बिअरमार्गदर्शकाने आणि पुढे खास बेल्जियमवर लिहिलेल्या पुस्तकाने खेड्यांतील भट्ट्यांची नावे अमेरिकेपर्यंत नेली. घरच्या माणसांनी टाकून दिलेली चीज परक्याने उचलून धरावी, हा प्रकार येथेही घडला.

हवेत मुरणारी बिअर

प्रवासाचा आरंभ ब्रसेल्समध्येच करणे सोयीचे. मिडी रेल्वेस्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर, अँडरलेख्ट भागात, १९०० साली स्थापन झालेली ‘कांतियों’ ही ब्रुअरी आहे. बाहेरून ती जुन्या गोदामासारखी दिसते. १९७८ पासून तिच्यातच ग्योझ बिअरचे संग्रहालय चालते; पण काचेच्या कपाटांत मांडून ठेवावे असे तेथे फारसे काही नाही. संग्रहालय म्हणजेच चालू कारखाना.

येथे होणाऱ्या बिअरला लॅम्बिक म्हणतात. तिची कृती समजून घेतल्याशिवाय पुढच्या प्रवासाला अर्थ नाही. एरवी बिअर करणारा उकळून निवलेल्या धान्यरसात बेताने निवडलेले यीस्ट घालतो. दुधाला विरजण लावावे तसे. लॅम्बिकला विरजण नसते. सातूचा माल्ट आणि सुमारे एक तृतीयांश कच्चा गहू यांचा रस काही वर्षे जुन्या झालेल्या हॉप्सबरोबर उकळला जातो. त्यानंतर तो पोटमाळ्यावरील एका रुंद, उथळ, उघड्या पात्रात सोडून देतात. झरोके उघडे असतात. रात्रभर गार हवा त्यावरून वाहते आणि हवेतले, भिंतीतले, तुळयांतले सूक्ष्मजीव त्यात उतरतात. इडलीचे पीठ जसे आपोआप फुगून येते, तसाच हा कारभार. सकाळी तो रस लाकडी पिंपांत भरला की त्याला एक ते तीन वर्षे कोणी हात लावत नाही. वेगवेगळ्या वयाच्या लॅम्बिकचे मिश्रण करून बाटलीत पुन्हा आंबवले, की ग्योझ होते. आंबट चेरी घालून मुरवली, की क्रीक. या आंबवण्यात भाग घेणाऱ्या एका यीस्टच्या शास्त्रीय नावातच ‘ब्रुक्सेलेन्सिस’, म्हणजे ब्रसेल्सचे, असा उल्लेख आहे.

कांतियोंमध्ये कोळ्यांची जाळी झाडली जात नाहीत. फळांवर आणि पिंपांवर घोंघावणाऱ्या माश्यांचा बंदोबस्त कोळी करतात, असे तेथील साधे गणित आहे. प्रथमच ग्योझ पिणाऱ्याला ती बिअर वाटतच नाही. आंबट, कोरडी, तळघराचा आणि ओल्या लाकडाचा वास असलेली ही वस्तू पहिल्या घोटाला अनेकांना नकोशी होते. दुसऱ्या पेल्यापर्यंत निर्णय राखून ठेवणे शहाणपणाचे.

या पद्धतीला लागते ती थंड रात्र. उन्हाळ्यात हवेत नको ते जीवाणू वाढतात, म्हणून लॅम्बिक फक्त थंडीच्या महिन्यांत उकळली जाते. आजच्या मालकांच्या आजोबांच्या काळी हा हंगाम ऑक्टोबरच्या मध्यापासून मेपर्यंत चाले. आता तो नोव्हेंबर ते मार्च इतकाच धरावा लागतो. २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये रात्री इतक्या उबदार राहिल्या की कांतियोंला काम थांबवावे लागले. यंत्राने रस थंड करणे अवघड नाही, पण मग त्यात ब्रसेल्सची हवा उतरणार नाही. हवामानबदलाची चर्चा हिमनद्यांवरून नेहमीच होते. येथे ती पोटमाळ्यावरच्या एका पात्राभोवती चालते.

ब्रसेल्सच्या नैर्ऋत्येला शहर संपताच झेन नदीचे खोरे आणि पायोटेनलँड हा टेकड्यांचा मुलूख सुरू होतो. सोळाव्या शतकातील चित्रकार पीटर ब्रूगेल याने आपल्या चित्रांत रंगवलेली खेडी येथलीच. सिंट-आना-पेडे गावातील लहानसे चर्च त्याच्या १५६८ च्या आंधळ्यांच्या चित्रात ओळखू येते आणि ते आजही जागेवर आहे. या मुलखात लॅम्बिकच्या उरलेल्या बहुतेक ब्रुअऱ्या आणि मिश्रणगृहे एकवटली आहेत. लेम्बेक येथे फ्रँक बोन यांनी १९७०च्या दशकात, सारे जण हा धंदा सोडत असताना, एक जुनी ब्रुअरी घेतली. लॅम्बिक हे नाव याच गावावरून पडले असावे, असा एक तर्क आहे. १९९७ पासून येथील उत्पादकांची संघटना साधारणतः दर दोन वर्षांनी एका शनिवार-रविवारी आपली दारे लोकांना उघडते. त्या दिवसांत बसगाड्या एका गावाहून दुसऱ्या गावाला पर्यटक वाहतात. मोटार घरी ठेवावी असे हेच दोन दिवस.

बेर्सेल गावच्या ‘द्री फॉन्टेनन’ची कथा या मुलखात आजही सांगितली जाते. मे २००९ मध्ये बाटल्यांच्या कोठारातील तापमान-नियंत्रक रात्री बिघडला आणि थंड राहायला हवी ती खोली भट्टीसारखी तापली. हजारो बाटल्या फुटल्या. उरलेल्यांतील बिअर शिजून निकामी झाली. तीन-तीन वर्षे मुरवलेला साठा एका रात्रीत गेला आणि ब्रुअरी दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आली. मालक आर्मांड डेबेल्डर यांच्या मदतीला मित्र, शेजारी आणि परदेशी चाहते धावले. एकेक बाटली हाताने उघडून आतली बिअर गोळा करण्यात आली आणि तिचे ऊर्ध्वपातन करून एक मद्य तयार केले गेले. त्याच्या विक्रीतून थोडा पैसा उभा राहिला. पुढची काही वर्षे डेबेल्डर इतरांकडून रस घेऊन केवळ मुरवण्या-मिसळण्याचे काम करीत राहिले आणि २०१३ मध्ये त्यांनी स्वतःची भट्टी पुन्हा पेटवली. मार्च २०२२ मध्ये त्यांचे निधन झाले. ब्रुअरी पुढच्या पिढीच्या हाती सुरू आहे.

रविवारी या भागात असणाऱ्याने आयझरिंगन गावात थांबावे. तेथे चर्चसमोर एक जुने पेयगृह आहे. त्याच्या नावाचा अर्थ ‘मोठ्या तहानेविरुद्धचा विमा’ असा होतो. ते रविवारी उघडते, कारण गावकरी प्रार्थनेनंतर तेथे येत. वृद्ध मालकीण निवृत्त होताना ते बंद पडणार होते, तेव्हा गावातल्या दोघा भावांनी १९९९ मध्ये ते चालवायला घेतले. पारंपरिक लॅम्बिकचा इतका मोठा संग्रह क्वचितच दुसरीकडे मिळेल.

शेतावरच्या भट्ट्या

पायोटेनलँडहून नैर्ऋत्येला तासाभराच्या वाटेवर एनो हा फ्रेंच भाषक प्रांत लागतो. येथे नवख्या चालकाची फसगत ठरलेली असते. बेल्जियममध्ये भाषेची सीमा ओलांडली की पाट्यांवरील गावांची नावे बदलतात. माँस या गावाची पाटी फ्लेमिश भागात ‘बेर्गन’ अशी असते, तूर्नेची ‘दोर्निक’ आणि फ्रान्समधील लील शहराची ‘रेसेल’. दोन्ही नावे ठाऊक नसतील तर उजवे वळण हमखास चुकते.

तूर्प गावातील ‘ड्युपाँ’ ही ब्रुअरी एका शेतवाड्यातच आहे. १८४४ पासून येथे बिअर होत आली आहे. १९२० च्या सुमारास घरातील मुलगा लुई याने कॅनडात जाऊन शेती करण्याचे ठरवले, तेव्हा त्याला थांबवण्यासाठी वडिलांनी हा वाडा भट्टीसह विकत घेऊन दिला, असे घरातील लोक सांगतात. मुलगा राहिला. ब्रुअरी अजून त्याच घराण्यात आहे. येथली सेझाँ ही बिअर ६.५ टक्क्यांची, कोरडी, फेसाळ, मिऱ्याच्या वासाची. ती हिवाळ्यात करून ठेवून उन्हाळ्यात शेतमजुरांना दिली जात असे, अशी समजूत आहे. त्या काळची बिअर अर्थातच बरीच सौम्य असणार. तांब्याच्या कढईला येथे थेट आच दिली जाते. तळाशी रस किंचित करपतो आणि त्या करपण्यातूनच चव येते, असे जाणकार मानतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सेझाँ बेल्जियममध्ये जवळपास विस्मरणात गेली होती. अमेरिकेतून मागणी आली आणि ती तगली. आता जगभरचे उत्पादक तिची नक्कल करतात.

पलीकडच्याच पिपे गावात तर दोन जुन्या ब्रुअऱ्या. त्यांतील ‘ड्युब्विसाँ’ १७६९ ची. तिची ‘बुश’ ही बारा टक्क्यांची बिअर अमेरिकेत नामसाधर्म्याच्या अडचणीमुळे ‘स्काल्डिस’ या नावाने विकली जाते. दुसरी १७८५ ची, वाफेच्या यंत्रावर चालणारी म्हणून प्रसिद्ध. तिची धुगधुगी संपत आली असताना १९८४ मध्ये एका शिक्षक दांपत्याने ती विकत घेतली आणि एकोणिसाव्या शतकातील यंत्राचे पट्टे, चाके, झडपा यांसह ती पुन्हा सुरू केली. वाफेच्या इंजिनाची धडधड ऐकत बिअर होताना पाहण्यासाठी लोक तेथे जमू लागले.

विकत घेण्यापूर्वी वेळ घ्या

उत्तरेला फ्रान्सच्या सीमेलगत पश्चिम फ्लँडर्स लागतो. प्रदेश सपाट, वारा सतत, आणि इप्रजवळ दोन्ही बाजूंना पहिल्या महायुद्धाची स्मशाने. इप्रच्या मेनिन दरवाजावर बेपत्ता सैनिकांच्या नावांत अविभाजित भारताच्या जवानांचीही नावे आहेत. दररोज रात्री आठ वाजता तेथे बिगुल वाजतो.

जवळच्या पोपरिंगभोवती हॉप्सची शेती होते. उंच खांबांवर तारा ओढून त्यांवर वेली चढवलेल्या दिसतात. द्राक्षबागेचा मांडव पाहिलेल्यांना हे दृश्य परके वाटणार नाही, मात्र उंची कितीतरी अधिक. वसंताच्या तोंडी या वेलींचे कोवळे कोंब भाजी म्हणून खाल्ले जातात. ते हाताने एकेक खुडावे लागतात आणि त्यांचा भाव ऐकून खाणारा दचकतो. हॉप्सचे संग्रहालय गावातच आहे.

येथून काही किलोमीटरवर शेतांच्या मध्ये सिंट सिक्स्टस मठ आहे. १८३१ मध्ये स्थापन झालेल्या या मठात १८३० च्या दशकाच्या अखेरीपासून बिअर होते. तिला जवळच्या गावावरून वेस्टफ्लेटेरन म्हणतात. २००५ मध्ये इंटरनेटवरील बिअरप्रेमींच्या एका मतदानात येथली दहा टक्क्यांवरची काळी बिअर जगात सर्वोत्तम ठरली आणि मठाच्या दाराशी मोटारींची रांग लागली. दुसऱ्या कोणत्याही धंद्याने दुसरी भट्टी बांधली असती. मठाने उत्पादन वाढवले नाही. आपण साधू आहोत, पोटापुरती बिअर करतो, असे मठाचे म्हणणे. त्याऐवजी विक्रीची पद्धत कडक झाली. आधी दूरध्वनीवर क्रमांक नोंदवायचा, मोटारीचा नोंदणी क्रमांक सांगायचा, ठरल्या दिवशी ठरल्या वेळी येऊन मोजके क्रेट न्यायचे. २०१९ पासून ही नोंदणी संगणकावर होते. विकत घेतलेली बिअर पुन्हा विकू नये, अशी अट असते. ती पाळली जाते असे नाही. २०१८ मध्ये हॉलंडमधील एका सुपरमार्केट साखळीने मठात दोन युरोंहून कमी किमतीला मिळणारी बाटली जवळपास दहा युरोंना विकली, तेव्हा मठाने उघड नाराजी व्यक्त केली होती. नवी इमारत बांधण्यासाठी पैसे हवे होते तेव्हा, २०११-१२ मध्ये, मठाने अपवाद म्हणून बिअर बाहेर पाठवली आणि काम झाल्यावर दार पुन्हा लावून घेतले. नोंदणी न मिळालेल्यांसाठी मठासमोरचे उपाहारगृह आहे. तेथे पेला मिळतो.

वाटू गावची ‘सेंट बर्नार्डस’ ही ब्रुअरी १९४६ ते १९९२ या काळात याच मठाच्या परवान्याने बिअर करीत होती. परवाना संपला तरी तिने आपल्या पाककृती सोडल्या नाहीत. दोन्ही बिअर शेजारी ठेवून फरक शोधणे हा रसिकांचा आवडता वाद आहे.

डिक्समाउडेजवळच्या एसेन गावात ‘द डोल ब्राउवर्स’, म्हणजे ‘वेडे बिअरवाले’, १९८० पासून एका जुन्या ब्रुअरीत काम करतात. हेर्टेलेर बंधूंनी ती सुरू केली. त्यांतील क्रिस हे वास्तुरचनाकार आणि चित्रकार. बाटल्यांवरची चित्रेही त्यांचीच. येथे साहेबी थाटाचे काही नाही. जुनी यंत्रे दुरुस्त करकरून चालवलेली, आणि बिअर उत्तम.

नाव जाते, गाव राहते

परतीच्या वाटेवर, ब्रसेल्सच्या पूर्वेला, हूगार्डन लागते. आज ती लहान ब्रुअरी नाही, तरी तिची हकिगत लहान ब्रुअऱ्यांच्या साऱ्या भवितव्याचा नमुना आहे. धणे आणि संत्र्याची साल घातलेल्या गव्हाच्या पांढऱ्या बिअरसाठी हे गाव एकेकाळी प्रसिद्ध होते. १९५७ मध्ये शेवटची भट्टी बंद झाली. तिच्या शेजारी वाढलेला आणि तरुणपणी तेथे हात लावलेला दूधवाला पिएर सेलिस याने १९६० च्या दशकाच्या मध्याला ती बिअर घरातल्या गोठ्यात पुन्हा केली. ती भरभराटली. १९८५ मध्ये आग लागली, विमा अपुरा होता, आणि मदतीला आलेल्या मोठ्या कंपनीकडे हळूहळू मालकी गेली. नोव्हेंबर २००५ मध्ये त्या कंपनीने गावातले उत्पादन बंद करून ते लिएजजवळच्या जुपिल येथील प्रचंड कारखान्यात हलवण्याचे जाहीर केले. गाव रस्त्यावर उतरले. दोन वर्षांनी, २००७ मध्ये, निर्णय मागे घेण्यात आला. नव्या जागी जुनी चव जमवणे जड गेल्याचे तेव्हा बोलले जात होते. सेलिस यांनी मधल्या काळात अमेरिकेतील टेक्सासमध्ये जाऊन नवी ब्रुअरी काढली होती. २०११ मध्ये ते वारले.

विकले जाणे म्हणजे नेहमीच संपणे नव्हे. आर्देनच्या डोंगरातील अशूफ येथे दोघा मेहुण्यांनी १९८२ मध्ये दोन लाख बेल्जियन फ्रँक, म्हणजे आजचे सुमारे पाच हजार युरो, एवढ्या भांडवलावर छंद म्हणून भट्टी घातली. लाल टोपीचा बुटका हे तिचे बोधचिन्ह. २००६ मध्ये डुव्हेल-मोर्टगाट या कंपनीने ती घेतली, आणि बिअर आजही त्या खेड्यातच होते.

मठांची अडचण वेगळी आहे. तेथे माणसेच उरत नाहीत. ट्रॅपिस्ट हे नाव लावायचे तर बिअर मठाच्या आवारात, साधूंच्या देखरेखीखाली व्हावी लागते आणि नफा मठाच्या चरितार्थाला व दानधर्माला जावा लागतो. डच सीमेवरील आखेल मठातील अखेरचे साधू निघून गेले आणि जानेवारी २०२१ मध्ये तेथील बिअरचे ट्रॅपिस्ट मानचिन्ह गेले. २०२३ मध्ये मठ आणि ब्रुअरी खासगी मालकाला विकण्यात आली. बिअर अद्याप होते. बेल्जियममध्ये आता ट्रॅपिस्ट ब्रुअऱ्या पाच : वेस्टमाले, वेस्टफ्लेटेरन, शिमे, रॉशफोर आणि ऑर्वाल. रॉशफोरच्या साधूंना तर आपल्या झऱ्यासाठी शेजारच्या चुनखडीच्या खाणीशी वर्षानुवर्षे न्यायालयात झगडावे लागले. खाण खोल केल्यास झऱ्याचे पाणी वळवावे लागणार होते. २०२१ मध्ये निकाल मठाच्या बाजूने लागला.

मोटारीने फिरणाऱ्याने दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. येथील बिअर बलवान असते आणि वाहनचालकाच्या रक्तातील अल्कोहोलची मर्यादा लिटरमागे अर्धा ग्रॅम आहे. एखाद्या बाटलीतच ती गाठली जाऊ शकते. न पिता सर्वांना घरी नेणाऱ्या चालकाला बेल्जियममध्ये ‘बॉब’ म्हणतात. १९९५ च्या एका जनजागृती मोहिमेतून हे नाव रूढ झाले. चौघे निघाले तर रोज एकाने बॉब व्हावे आणि बाटल्या डिकीत ठेवून मुक्कामी उघडाव्यात. दुसरे असे की, लहान ब्रुअऱ्या ही पर्यटनस्थळे नव्हेत. अनेकांची दारे केवळ शनिवार-रविवारी किंवा आधी कळवल्यावरच उघडतात. रॉशफोरसारख्या मठाची ब्रुअरी तर सर्वसामान्यांना पाहताच येत नाही.

प्रवासाचा शेवट देशाच्या दक्षिण टोकाला, फ्रान्सच्या सीमेवरील ऑर्वालला करण्याची रीत आहे. टस्कनीची सरदारीण माटिल्डा हिची अंगठी झऱ्यात पडली आणि एका ट्राऊट माशाने ती तोंडात धरून वर आणून दिली, अशी मठाची दंतकथा. तोच मासा बाटलीवर आहे. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात उद्ध्वस्त झालेला हा मठ १९२६ पासून पुन्हा बांधण्यात आला आणि त्या खर्चासाठी १९३१ मध्ये ब्रुअरी सुरू झाली. बाटलीत भरताना तिच्यात ब्रसेल्सच्या लॅम्बिकमधलेच ते रानटी यीस्ट घातले जाते. ते बाटलीत महिनोन्महिने काम करीत राहते. म्हणून लेबलावर भरल्याची तारीख असते आणि आसपासच्या काही पेयगृहांत वाढपी आधी विचारतो : ताजी हवी की जुनी? मठाजवळच्या उपाहारगृहात तिसराही पर्याय आहे. साधू स्वतःच्या पंगतीला घेतात ती सौम्य बिअर तेथे मिळते. ती दुकानांत बाटलीतून विकली जात नाही.